ठरावापासून ओंजळीपर्यंत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले. पत्राच्या शेवटी एक ओळ मुद्दाम हाताने लिहून जोडली होती : "वसतिगृहाच्या आठवणी बहुतेक जण लिहीत आहेतच, आपण शासनाच्या डिजिटल अभ्याससाहित्याच्या कामात होता, त्याविषयी लिहावे." सूचना रास्त होती. महोत्सवी निधीतून विद्यालयात 'डिजिटल कक्ष' उभारावा, असा प्रस्ताव माजी विद्यार्थी मंडळापुढे येऊ घातला आहे आणि त्यावर मत देण्यापूर्वी या विषयाचा थोडा मागोवा सर्वांसमोर असावा, असे मलाही वाटत होते. आठवणी मात्र पूर्णपणे टाळता येणार नाहीत. कारण या विषयाशी माझा पहिला परिचय झाला तो याच आवारात.

आपल्या वसतिगृहाच्या पहिल्या दोन खोल्यांवर १९७५ साली पत्रे चढले, हे आपण सारे जाणतो. त्याच वर्षी, १ ऑगस्ट रोजी, देशात एका मोठ्या प्रयोगास आरंभ झाला होता. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभराच्या बोलीने भारताला वापरावयास मिळाला आणि आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट दूरचित्रवाणी पोहोचविण्यात आली. 'साइट' या संक्षिप्त नावाने तो प्रयोग ओळखला जातो. कल्पना विक्रम साराभाईंची; परंतु ती प्रत्यक्षात आलेली पाहण्यास ते राहिले नव्हते. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात प्रा. यश पाल यांच्या नेतृत्वाखाली ती पार पडली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीच्या मोठ्या तबकड्या शाळांवर, चावड्यांवर बसविल्या गेल्या. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी गावकऱ्यांसाठी शेती आणि आरोग्य. ज्या गावांनी तोपर्यंत वीज धड पाहिली नव्हती, त्यांनी चित्र हलताना पाहिले. ३१ जुलै १९७६ रोजी मुदत संपली आणि उपग्रह काढून घेण्यात आला.

त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटकातील जे जिल्हे निवडले गेले ते मात्र गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर, म्हणजे आपल्या सीमेला लागूनच. याचा संदर्भ पुढे येणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

आमच्या वाट्याला दूरचित्रवाणी आली ती दहा वर्षांनी. १९८३ च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१ बी अवकाशात गेला आणि त्याच्या आधाराने पुन्हा सहा राज्यांची निवड झाली : आंध्र प्रदेश, बिहार, गुजरात, महाराष्ट्र, ओरिसा आणि उत्तर प्रदेश. प्रत्येक राज्यात शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. दिल्लीत त्यांची मध्यवर्ती संस्था. महाराष्ट्राची संस्था पुण्यात, आणि तिचे नाव 'बालचित्रवाणी'. पाच ते आठ आणि नऊ ते अकरा या वयोगटांतील मुलांसाठी ती मराठीतून कार्यक्रम करीत असे. माझ्या पिढीच्या मराठी मुलांना ते नाव नुसते उच्चारले तरी पुरे.

मी १९८५ साली पाचवीत येथे आलो. पुढच्या वर्षी कोणा दात्याने दिलेला कृष्णधवल संच विहाराच्या व्हरांड्यात, कुलूप लावता येईल अशा लाकडी पेटीत बसविण्यात आला. पेटीची किल्ली अधीक्षक गुरुजींच्या कमरेला असे. वंदना झाली, न्याहारी झाली, की दाराशी रांगेने बसायचे. एक जण छपरावर अँटेना फिरवायला, एक जण "आलं, आलं... गेलं" असे ओरडायला. चित्र बरेचदा मुंग्यांचे वारूळ फुटल्यासारखे दिसे, तरी ज्या दिवशी ते स्वच्छ आले त्या दिवशी मी पहिल्यांदा जहाज पाहिले. आमच्या वर्गाच्या भूगोलात बंदरांची नावे होती, ती मला पाठही होती. बंदर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. मात्र त्या पडद्याहून मला अधिक स्मरते ते त्यानंतरचे. गुरुजी संच बंद करून पेटीला कुलूप लावीत आणि लगेच विचारीत, "आता सांगा, कोणी काय पाहिलं?" प्रत्येकाने वेगळेच पाहिलेले असे. त्या गोंधळातून ते पाठ उभा करीत. पुढे मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झालो, तेव्हा साधन कोणतेही हाती आले तरी हा प्रश्न मी सोडला नाही.

बालचित्रवाणी २०१७ साली बंद झाली. अनुदान आटले, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि मुलांसाठी अनेक वर्षे मराठीतून कार्यक्रम करणारी ती वास्तू थंडावली. तिच्याविषयी हळहळ व्यक्त करणे सोपे आहे. पण त्या व्यवस्थेची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. सहा राज्ये एका उपग्रहाला जोडलेली होती, परंतु एकमेकांना जोडलेली नव्हती. पुण्यात काय बनले हे हैदराबादला ठाऊक नसे आणि भुवनेश्वरला जे उत्तम साधले ते आमच्यापर्यंत येत नसे. आकाशातून एकाच वेळी सर्वांना पाऊस मिळावा, पण शेजारच्या विहिरीतून घागर मात्र घेता येऊ नये, तशी ती स्थिती होती.

आपल्या राज्यघटनेत शिक्षण हा विषय प्रारंभी राज्यसूचीत होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत आला, म्हणजे केंद्र आणि राज्ये दोघांच्याही अधिकारात. कागदावर ही भागीदारी झाली. व्यवहारात मात्र केंद्राने योजना धाडावी आणि राज्याने ती राबविल्याचा अहवाल परत धाडावा, एवढाच तिचा अर्थ बरीच वर्षे राहिला. राज्याने राज्याकडून शिकावे, ही वाट फारशी रुळली नव्हती.

ती रुळू लागल्याचे मी पाहिले ते गेल्या दहा वर्षांत. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. तत्कालीन प्रधान सचिव नंदकुमार यांनी शिक्षकांना एक साधी मुभा दिली : जेथे मुले खरोखर शिकत आहेत, ती शाळा जाऊन पाहा. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळा पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक स्वखर्चाने गेले, मीही गेलो. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्याची डिजिटल शाळा अशीच गाजली. गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले. काही ठिकाणी त्यांचा उपयोग झाला, काही ठिकाणी त्यांच्यावर शाल पांघरली गेली. याच सुमारास तमिळनाडूत शिक्षण सचिव उदयचंद्रन यांच्या काळात पाठ्यपुस्तकांची नव्याने मांडणी होत होती. या दोन्ही राज्यांतील हालचाली, आणि राजस्थान, आंध्र प्रदेश यांच्याही, एका ठिकाणी येऊन मिळाल्या, ते ठिकाण म्हणजे 'दीक्षा'.

५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी, 'दीक्षा' या राष्ट्रीय मंचाचे उद्घाटन झाले. आपल्या समाजाला या शब्दाचा जो अर्थ हृदयाशी जवळचा आहे, त्याच्याशी या नावाचा संबंध नाही. इंग्रजी आद्याक्षरांपासून ते बनलेले आहे. तरी नागपूरच्या एका सहकाऱ्याने पहिल्याच बैठकीत "आम्ही तर १९५६ लाच घेतली," असे म्हटले आणि सभागृहात बराच वेळ हशा पिकला होता.

या मंचाची रचना समजून घेण्याजोगी आहे. बंगळुरूच्या एकस्टेप प्रतिष्ठानाने 'सनबर्ड' नावाची मुक्त-स्रोत संगणक प्रणाली तयार केली, तिच्यावर तो उभा आहे. त्यात प्रत्येक राज्याचा आपला कप्पा आहे. आपली पुस्तके, आपली भाषा, आपले शिक्षक. पाठ्यपुस्तकात पाठाच्या शीर्षकाशेजारी एक काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो, त्याला क्यूआर कोड म्हणतात. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने तो टिपला की त्या पाठाची चित्रफीत, स्वाध्याय, प्रयोग समोर येतात. कॅमेरा बिघडलेला असेल तर चौकोनाखालची सहा अक्षरे टंकली तरी चालते. छापील पुस्तक तेच राहते. चौकोनामागचे साहित्य मात्र पुढेही बदलता येते, सुधारता येते. एकदा उतरवून घेतले की जाळे नसतानाही ते पाहता येते आणि एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात देता येते. बालभारतीने २०१८ साली पहिली, आठवी आणि दहावीची नवी पुस्तके काढली, त्या सुमारास या साहित्याची जुळवाजुळव करणाऱ्या शिक्षकांच्या एका गटात माझी निवड झाली होती.

पुण्याच्या एका वसतिस्थानात आम्ही आठवडेच्या आठवडे बसलो. काम बाहेरून वाटते तसे तांत्रिक नव्हते. एक पाठ घ्यायचा, त्यात मूल नेमके कोठे अडखळते हे आपल्या वर्गातील अनुभवावरून सांगायचे आणि त्या अडखळण्याच्या जागी काय ठेवावे हे ठरवायचे. वाद होत ते या जागेवरून. एखादी चित्रफीत देखणी असे, पण जे मुलाला आधीच समजते तेच ती पुन्हा सांगे. अशा फिती काढून टाकण्यास मन घट्ट करावे लागते. पुढे दिल्लीच्या एका बैठकीत तमिळनाडूच्या एका शिक्षिकेने सूक्ष्मजीवांच्या पाठासाठी केलेली फीत दाखविली. रात्री भिजवलेले इडलीचे पीठ सकाळपर्यंत कसे फुगत जाते, एवढेच. एकही शब्द नाही. आम्ही ती तशीच घेतली आणि मराठी निवेदन चढविले. मुक्त परवान्याखाली असल्यामुळे ना अर्ज करावा लागला, ना मंत्रालयाची परवानगी लागली. आमच्यातील एकाने शंका काढली की मराठवाड्याच्या मुलांना इडली कितपत जवळची. पण ती आता आठवडी बाजारातही मिळते, तेव्हा राहू द्यावी असे ठरले. एका राज्यातील शिक्षिकेने रात्र जागून केलेली वस्तू दुसऱ्या राज्यातील शिक्षकाला दुसऱ्या दिवशी वर्गात वापरता यावी, हे मी तोवर पाहिले नव्हते. सचिव आणि संचालक एकत्र बसले, मंचाचे नियम ठरले, परवाना खुला ठेवला गेला, म्हणून ते शक्य झाले. शासनाच्या कामाविषयी आपण सहसा चांगले बोलत नाही. येथे बोलले पाहिजे.

या सहकार्यात दोषही आहेत. कित्येक चौकोनांमागे आजही फळ्यासमोर उभा राहून पुस्तकच वाचून दाखविणारा गुरुजी सापडतो. मुलाने चौकोन टिपला की त्याची नोंद होते. मग त्या नोंदींचे तक्ते होतात, तक्त्यांची तुलना होते. एका जिल्ह्यात, नाव सांगत नाही, नोंदी वाढविण्याचा आग्रह इतका झाला की शिक्षक मधल्या सुटीत एकामागून एक चौकोन टिपत बसत. मुले मैदानात, मोजणी जोरात. वापर मोजणे म्हणजे शिकणे मोजणे नव्हे, हे वरच्या बैठकांत अनेकदा बोलले गेले. तरी जो आकडा आपोआप मिळतो त्याचा मोह सुटत नाही.

याहून मोठा प्रश्न पोहोचण्याचा आहे. तो मांडताना मला आपल्याच इतिहासातील एक क्रम नेहमी आठवतो. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याच्या अनुषंगाने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे सरकारच्या दप्तरी तळे खुले झाले होते. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या कोणाच्या ओंजळीत ते पाणी आले नाही. बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले, आणि त्यानंतरही दहा वर्षे न्यायालयात झगडावे लागले. ठराव निरर्थक होता असे नव्हे. तो नसता तर न्यायालयात उभे राहण्यास जमीनच नव्हती. परंतु ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये जे अंतर असते ते कोणी तरी पायांनी तोडावे लागते. पुस्तकातील चौकोन हा मला तसाच एक ठराव वाटतो.

२०२० च्या मार्चमध्ये हे अंतर उघडे पडले. वसतिगृहे रिकामी झाली, आपलेही झाले. राज्याने एप्रिलमध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' या नावाने 'दीक्षा'वरून रोजची अभ्यासमाला देण्यास आरंभ केला. केंद्राने मे महिन्यात 'पीएम ई-विद्या' जाहीर केली आणि पहिली ते बारावी प्रत्येक इयत्तेला एक दूरचित्रवाणी वाहिनी देण्याचे ठरविले. आम्ही केलेले साहित्य लक्षावधी मुलांसमोर एकाएकी गेले. पण कोणाच्या समोर? 'असर'च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांच्या घरांत स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. वाढ मोठीच, उरलेली घरे कोणती, हे मात्र स्मरणिका वाचणाऱ्यांना सांगावे लागणार नाही. आणि फोन घरात असणे म्हणजे तो मुलाच्या हातात असणे नव्हे. माझ्या तांड्यावरच्या शाळेत ज्यांच्याकडे फोन होता, त्यांचा फोन दिवसभर बापाच्या खिशात, रानात. मी पाठाची वेळ रात्री आठवर नेली. एक मुलगी टेकडीवरच्या लिंबाखाली जाई, कारण तेथेच दोन काड्या रेंज मिळे. तिची आजी कंदील घेऊन सोबत बसे. मी सांगितलेले ती वहीत उतरवून घेई आणि सकाळी तांड्यातील इतर सात-आठ मुलांना वाचून दाखवी. त्या काळात माझ्या शाळेचे सर्वांत भरवशाचे जाळे हीच मुलगी होती.

केरळचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे. १ जून २०२० रोजी त्यांनी 'व्हिक्टर्स' या आपल्या शैक्षणिक वाहिनीवरून 'फर्स्ट बेल' हे वर्ग सुरू केले. ती वाहिनी त्यांनी २००५ पासून जोपासली होती. एज्युसॅट उपग्रहाच्या काळात अनेकांनी वाहिन्या आणि अभ्यासकेंद्रे उभारली. केरळने आपली टिकविली. आणि कोणाच्या घरी दूरचित्रवाणी नाही, याची मोजणी करून अशा मुलांसाठी वाचनालयांत, अंगणवाड्यांत पाहण्याची सोय केली. यंत्रापेक्षा मला या मोजणीचे महत्त्व अधिक वाटते. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने 'स्टार्स' हा प्रकल्प आला, त्यात केरळ आणि महाराष्ट्र शेजारी बसले. हिमाचल प्रदेश, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान ही आणखी चार राज्ये. एकमेकांचे चांगले उचलावे, असे त्यात अपेक्षित आहे. उचलायचेच तर ती मोजणी आधी उचलावी.

आता जे लिहितो आहे त्यासाठी मी हा लेख लिहिण्यास बसलो.

येथे येण्यापूर्वीचा माझा काळ फडावर गेला. दसरा उलटला की मुकादमाची उचल घेतलेली, कोयत्याच्या हिशेबात आई आणि दादा नोंदलेले. दिवाळी होताच गाड्या निघत. आमचा कारखाना सीमेपलीकडे, बेळगाव जिल्ह्यात होता. तिसरीत असताना मी दप्तर सोबत नेले होते. पाचटाच्या कोपीत ते उंदरांनी कुरतडू नये म्हणून आक्का ते छताच्या बांबूला टांगून ठेवी. गावात शाळा होती, गुरुजीही भले होते. त्यांनी मला मागच्या बाकावर बसू दिले. शिकवणे सारे कन्नडमध्ये. दोन आठवडे मी फळ्यावरची अक्षरे चित्रासारखी उतरवून काढली आणि मग आक्काबरोबर वाढे गोळा करू लागलो. एप्रिलमध्ये पट्टा पडला, आम्ही परतलो, तोवर इकडचा वर्ग पुढे गेलेला. महाराष्ट्राच्या हजेरीपटात मी गैरहजर होतो. कर्नाटकच्या पटावर मी नव्हतोच. दोन राज्यांच्या मधल्या फटीत सहा महिने पडलेल्या अशा मुलाचा हिशेब कोणत्याच राज्याकडे नसतो.

माझी सुटका केली ती कोणत्याही तंत्रज्ञानाने नव्हे, या वसतिगृहाने केली. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, तेव्हा बाबासाहेबांना नेमके काय दिसले होते हे मला येथे राहून कळले : मुलाला राहायला जागा मिळाली तरच शाळा त्याची होते. आक्काला ती जागा मिळाली नाही. मुलींची सोय आपल्याकडे पुढे अनेक वर्षांनी झाली. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, हिशेबात माझ्याहून तल्लख. मी येथे आलो त्या वर्षी तिच्या हाती पुरा कोयता आला होता.

आपले वसतिगृह आजही पाचवीपासून प्रवेश देते. म्हणजे आपल्याकडे जी मुले सुरक्षित आहेत, त्यांची पहिली ते चौथीतली धाकटी भावंडे दिवाळीनंतर गाडीत बसून जातात. काहींसाठी शासनाची हंगामी वसतिगृहे आहेत, काही कारखान्यांवर साखरशाळा चालल्या; पण सीमा ओलांडली की यांतील बहुतेक धागे तुटतात. या मुलांपैकी अनेकांची घरची बोली गोरमाटी. बंजारा समाज महाराष्ट्रात आहे, तेलंगणात आहे, कर्नाटकात, आंध्रात आहे. त्याची बोली कोणत्याच राज्याची राजभाषा नाही, म्हणून कोणत्याच राज्याच्या कप्प्यात तिला स्वाभाविक जागा नाही. एका राज्याने एकट्याने करण्याजोगे हे कामच नव्हे. राज्यांच्या सहकार्याची खरी गरज असलेले मूल कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी दहावीच्या गुणवंताकडे नव्हे, या पहिलीतल्या मुलाकडे बोट दाखवीन. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, याची जगभर वाखाणणी झाली आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या कामातला कमी बोलला गेलेला भाग असा की तेथील मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि त्यांनी पुस्तकातला मजकूर त्यांच्या भाषेत आणला. चौकोन हे त्याचे केवळ दार होते.

तेव्हा आपल्या प्रस्तावाविषयी. एका कंपनीचे दरपत्रक मंडळाकडे आलेले आहे : मोठा स्पर्शपटल, त्यासोबत पाच वर्षांचे साहित्य आणि दर वर्षी नूतनीकरणाचे शुल्क. साहित्यावर एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जे सार्वजनिक पैशातून, शिक्षकांच्या हातून बनले आहे आणि खुले आहे, तेच रंगीत वेष्टनात विकत घेण्याचे कारण नाही. सौरपटल आणि बॅटरी, मोठ्या साठवणीचा एक संगणक, साधा प्रोजेक्टर, बऱ्यापैकी ध्वनिक्षेपक एवढ्यावर कक्ष उभा राहील. जाळे गेले तरी तो चालेल. उरलेला निधी माणसावर खर्च व्हावा. संध्याकाळच्या अभ्यासिकेत मुलांसमोर बसणारा, "कोणी काय पाहिलं?" असे विचारणारा एक प्रशिक्षित मार्गदर्शक, निदान तीन वर्षांच्या मानधनाची तरतूद करून. काही ज्येष्ठांना आवारात पडदा येण्याचीच धास्ती वाटते. ध्यानाच्या वेळेशी त्याचा मेळ कसा बसावा, असा त्यांचा प्रश्न आहे. तो उडवून लावण्यासारखा नाही. लाकडी पेटीला कुलूप होते आणि किल्ली एका विचारी माणसाकडे होती, ही व्यवस्था आजही चालू शकते.

दुसरे, कक्षाचा उपयोग आवाराबाहेर जावा. ज्यांची भावंडे सीमेपार जातात, त्यांच्या पालकांच्या फोनमध्ये पहिली ते चौथीचे भाषा-गणिताचे पाठ येथेच भरून द्यावेत. कोपीत रात्री फोन मोकळा असतो, रेंज नसली तरी हे पाठ उघडतात. त्याच मंचावर कर्नाटकाच्या कप्प्यात पहिलीचे कन्नड अक्षरओळखीचे साहित्य आहे. तेही सोबत असले, तर मागच्या बाकावर बसलेल्या मुलाला फळा निदान परका वाटणार नाही. आणि आपल्याकडे नववी-दहावीत शिकणाऱ्या गोरमाटी बोलणाऱ्या मुला-मुलींनी धाकट्यांसाठी पाठांचे ध्वनिमुद्रण करावे. चांगले उतरेल ते आपण राज्याकडे मंचासाठी पाठवू. तेलंगणातल्या एखाद्या तांड्यावर ते ऐकले जाणे आता अशक्य राहिलेले नाही.

वर्षावास संपल्यानंतरच्या रविवारी मंडळाची बैठक आहे आणि दिवाळीनंतर गाड्या निघतील. हाती जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. मराठी आणि गणिताचे पाठ मी उतरवून ठेवण्यास प्रारंभ केला आहे. कन्नड साहित्यातले कोणते घ्यावे, हे मात्र मला ठरविता येत नाही. सीमाभागात नोकरी केलेले, कन्नड वाचता येणारे जे माजी विद्यार्थी असतील त्यांनी बैठकीपूर्वी अधीक्षकांकडे आपले नाव कळवावे.